बरणीतल्या माणसाचा दहावा

रंगूला चंद्र बघायचा होता. तुम्ही म्हणाल, त्यात काय, मान वर केली की झालं. पण हा तो फुकटचा चंद्र नव्हे हो. हा अब्दुस्समद सेठच्या तंबूतला चंद्र. विलायतेतला एक म्हातारा, त्याचा जावई आणि एक मांजर असे तिघे लोखंडी नळकांड्यात बसून उडतात आणि थेट चंद्रावर उतरतात, असा तो सिनेमा होता.

मागच्या साली दत्ताची जत्रा आटोपल्यावर चौलच्या त्यांच्या पाखाडीत सेठचा तंबू लागला, हा खेळ आला, आणि रंगू नेमकी बाहेरची बसली. देवळासमोरच्या गर्दीत जायची सोय नाही. मागल्या पडवीत गुडघ्यांना मिठी मारून तिने आख्ख्या गावाचं ओरडणं, हसणं, टाळ्या पिटणं ऐकलं आणि तिथेच उशी चावून चावून झोपली.

तिची थोरली जाऊ काशी मात्र जाऊन आली. सिनेमाला जाऊन आली असं म्हणायचं, पण गेलं वर्षभर ती स्वतःच चंद्रावर उतरून आल्यासारखी वागत होती. दोघी सुपारी सोलायला बसल्या की काशी हळूच म्हणायची, "चंद्रावर पन असाच उजेड हाय हो." आमटी खारट झाली तर म्हणायची, "आमटीचं काय घेऊन बसलीस, चंद्रावर तर पानीच न्हाय." आणि रंगूने तोंड उघडलं रे उघडलं की, "तुला कसं ठावं असनार गो? तू बघितलाच न्हायस." रंगूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण थोरल्या जावेला उलटून काय बोलणार? सुपारीवरच अडकित्ता जोरात दाबायची.

तर या साली तंबू पुन्हा आला. जागा नवी होती, रंगूच्या वाडीला लागून असलेलं मोकळं शेत. तंबूची पाठ तिच्या मागल्या दाराकडे, मध्ये फक्त एक मेंदीचं कुंपण. सेठने दवंडी पिटवली की आधी 'बरणीतला माणूस' लागेल, मग मुंबईहून आगबोटीने रेवदंड्याला चंद्राच्या पेट्या येतील. रंगूने त्याच दिवशी नवरा अंबाजी याला बजावलं, "या टायमाला काय बी झालं, कुनी बी मेलं, तरी मी चंद्र बघनार." बघा, बोलू नये ते बोलली.

बरणीतल्या माणसाचा खेळ कसला भारी होता म्हणून सांगू! सिनेमा मुका. पडद्याच्या बाजूला हातात काठी घेऊन शिवदास उभा असायचा. हा पेणचा पोरगा, कपाळावर कुरळी झुलपं, आवाज खणखणीत. पडद्यावर जे चालेल ते तो सांगायचा आणि बाजूला पेटीवाला पेटी बडवायचा. विलायतेतला एक डॉक्टर असतो. बायको नाही, पोर नाही. तो माणसाएवढ्या काचेच्या बरणीत औषधं ओततो आणि आत माणूस वाढवतो. मग विजा चमकतात, बरणी फुटते, आणि आतून माडासारखा उंच, ओलाचिंब, डोळे खोल गेलेला पुरुष बाहेर पडतो. शिवदास ओरडला, "पाहा, पाहा! राक्षस जन्माला आला!"

तंबूत असा काही हलकल्लोळ उडाला की विचारू नका. बायांनी पदर तोंडावर घेतले. धर्माजी पाटील, गावचा कर्ता माणूस, मिशीला पीळ देणारा, तो कनातीखालून सरपटत पसार झाला आणि डावी वहाण तिथेच राहिली. आणि त्या गोंधळात रंगूचा आवाज आला, "राकुस कसला रे मेल्या! आता तर जन्मला. कुडकुडतंय ते, कुनीतरी पंचा द्या त्याला!"

तंबू खदखदून हसला. शिवदासचं पुढचं वाक्यच हरवलं. पण रंगू काही हसायला आली नव्हती. तो लांबडा माणूस गावभर दारं ठोठावत फिरला, जो तो दार लावून घेत होता, शेवटी लोक मशाली घेऊन पाठी लागले आणि तो भिऊन तळ्यात उतरत गेला. छाती बुडाली, मान बुडाली, वर एक हात राहिला, मग तोही नाही. रंगू पदर तोंडात कोंबून रडली. काशी म्हणाली, "चंद्राच्या खेळात असली रडारड नव्हती हो." रंगूने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचे सगळे दिवस ती रोज जाऊन बसली. रोज तिला वाटायचं, आज तरी कुणी दार उघडेल. रोज तो बुडायचा.

मग एका सकाळी पाटलाने देवळासमोर गाव जमवलं. म्हणाला, "माझी म्हस दूध देयाची बंद झाली. तळ्याच्या पायरीवर ओली पावलं दिसली, हातभर लांब. ह्या तंबूनं इपरीत आनलंय. उद्या तंबू उठला पायजे."

खरं कारण कोणतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. डावी वहाण अजून सेठकडेच होती. पण पाटलाला वहाणेबद्दल विचारायचं कुणी? सेठ हात जोडून उभा राहिला. मुरुडकडचा हा माणूस, गोल टोपी, पोटावर हात ठेवून बोलायची सवय. "पाटीलसाहेब, चंद्राच्या पेट्या आगबोटीवर चढल्यात. अल्लाच्या नावानं तेवढा खेळ होऊन द्या." पाटलाने मान हलवली, नाही म्हणजे नाही.

पुन्हा चंद्र गेला! पुन्हा वर्षभर काशीचं ऐकायचं! बायकांच्या घोळक्यातून रंगू पदर सावरत पुढे आली. अंबाजी मागून खुणा करतोय, गप बस म्हणून. गप बसेल ती रंगू कसली.

"पाटील, तंबू घालवाल हो. पन मेलेल्याचं काय?"

"कोन मेला?"

"बरनीतला. बुडून मेला. कुठं मेला? आपल्या गावच्या हद्दीत. अग्नी न्हाय, पानी न्हाय, पाठी रडायला कोन न्हाय. तंबू जाईल निघून, आनि ते इथंच ऱ्हाईल. तळ्यात."

सगळ्यांनी तळ्याकडे बघितलं. त्या तळ्याचं पाणी आख्खी पाखाडी भरायची. शिवदासला हसू आवरेना. "अहो, असं काय करता? तो पडद्यावरचा..."

"मेला का न्हाय?" पाटलाने विचारलं.

"मेला, पण..."

"आमच्या डोळ्यांदेखत?"

"हो, पण..."

"मग झालं तर!" पाटील म्हणाला.

बेवारशी माणूस गावात मेला तर त्याचं गावाने करायचं, ही तिथली रीत. कधीकाळी किनाऱ्याला लागलेल्या परक्या खलाशांचंही त्यांनी केलं होतं. भटजींना बोलावणं गेलं. भटजी बिचारे घोटाळ्यात पडले. माणूस रोज मेला, शनिवारी तर दोनदा. दहावा मोजायचा कुठल्या मरणापासून? बराच खल होऊन शेवटचं मरण धरायचं ठरलं. मग कर्ता कोण? सगळ्यांनी सेठकडे बघितलं.

"तौबा!" सेठ दोन पावलं मागे सरला. "तंबू माझा, माणूस माझा नव्हं. आनि आमच्यात पिंड नसतोय, बाबांनो. ह्या शिवदासला धरा. त्याला तोंड शिवदासनं दिलं, रोज त्याच्या वतीनं हाच बोलतोय."

ते सगळ्यांना पटलं. शिवदासला सोडून. कर्त्याचं मुंडण करावं लागतं, हे कळल्यावर त्याने झुलपांवर दोन्ही हात ठेवले आणि पळायचा विचार केला. सेठ कानात म्हणाला, "बेट्या, तंबू जगला तर केस परत उगवतील." पोरगं मुकाट बसलं.

रंगूला आतून उकळ्या फुटत होत्या. दहावा होईपर्यंत तंबू हलणार नाही, तोवर चंद्र येतोय! वा रे रंगू! आणि एवढ्यात पाटील उठता उठता म्हणाला, "आता गावाला सुतक. दहाव्याला कावळा शिवंपर्यंत खेळ बंद. वाजाप न्हाय, हसनं न्हाय."

घ्या! रंगूचं तोंड असं झालं की काशीला तीन दिवस पुरलं.

सेठने हिशेब लावून सांगितलं तेव्हा सारं आणखीच कठीण झालं. चंद्राच्या पेट्या पुढच्या आगबोटीने रत्नागिरीला जायच्या होत्या. म्हणजे दहाव्याच्या सकाळी कावळा शिवला, तर त्याच संध्याकाळी एक खेळ. नाही शिवला, तर पेट्या न उघडताच जाणार, आणि पाटील तंबूही उठवणार. पेट्या आल्या, रंगूच्या कुंपणापलीकडे ताडपत्रीखाली पडून राहिल्या. ती रोज कपडे वाळत घालताना त्यांच्याकडे बघायची. आणि काशी सुपारी सोलता सोलता म्हणायची, "मागच्या साली तुला कावळा शिवला म्हून चंद्र गेला. ह्या साली त्याला शिवत न्हाय म्हून जानार. तुझं आनि कावळ्याचं वैरच हाय गो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खिदळायची, सुतकात.

दहावा उजाडला. तळ्याच्या पायऱ्यांवर गाव लोटलं. शिवदास ओलेत्याने, नारळासारखं डोकं घेऊन बसला होता आणि गावातल्या पोरी तोंड फिरवून हसत होत्या. भटजींनी पिंड मांडला. सगळ्यांनी माना वर केल्या.

चौलचे कावळे म्हणजे काय सांगावं, चालत्या बाईच्या टोपलीतला बोंबील उचलतात. त्या दिवशी माडावर ओळीने बसले होते. खाली एक येईना. एकाने तर पिंडाकडे बघून पाठ फिरवली.

"काहीतरी इच्छा राहिली आहे," भटजी म्हणाले. "सांगा कुणीतरी."

पाटील पुढे झाला, हात जोडले. "तुला बायको करून देऊ." कावळे हलले नाहीत. "कुनाची पोर?" मागून कुणीतरी विचारलं, आणि पोरीवाले सगळे तळ्यातल्या माशांकडे बघायला लागले. सेठ लांबूनच म्हणाला, "तुझा खेळ परत लावनार न्हाय, बाबा." काही नाही. कुणी म्हणालं त्या डॉक्टरला धडा शिकवू, कुणी म्हणालं तुझ्या नावाने दगड बसवू. शिवदासने आपल्या मनाने शपथ घेतली की पुन्हा तुला राक्षस म्हणणार नाही. एक कावळा तेवढा खाकरल्यासारखा ओरडला आणि पंख साफ करत बसला.

ऊन चढलं. भटजींनी दर्भाकडे हात नेला. "दर्भाचा कावळा करून शिववतो, शास्त्रात सोय आहे."

"न्हाय," पाटील म्हणाला. "गवताच्या कावळ्यानं आमचं मानूस फसंल. हे बरनीतलं फसायचं न्हाय. खरा शिवला तर ठीक, न्हाय तर सेठ, आजच्या आज गाशा गुंडाळ."

रंगू पायरीवर उभी होती. डोळ्यांसमोरून चंद्र, म्हातारा, जावई, मांजर सगळे पाठमोरे निघाले होते. रडू येत होतं आणि राग येत होता. राग कुणाचा? या माठ गावाचा. बायको काय, दगड काय! एवढे दिवस बघितला त्याला, आणि कुणालाच तो कळला नाही? बरणीतून निघाला, कुडकुडला, दारोदार फिरला, बुडाला. किती दिवस जगला असेल? आणि एकदम ती वळली आणि घराकडे पळत सुटली. अंबाजी मागून ओरडतोय, "अगो, काय झालं?" पण ऐकतंय कोण!

परत आली तेव्हा हातात वाटी होती. दूधभात, मऊ कालवलेला.

"बाई, पिंड मांडला आहे ना," भटजी म्हणाले.

"पिंड मोठ्या मानसाला, भटजी. ह्याचं वय काय? अंगानं माड झाला म्हून काय झालं? जन्मल्याला आठवडा झाला नव्हता. तान्हं पोर ते! त्याला बायको कशाला पायजे? दारं कशाला ठोकत होतं? भुकेलं होतं ते. आख्ख्या खेळात कुनी त्याला एक घास दिला का? आठवून सांगा."

सगळ्यांनी आठवलं. पाटलाने काही आठवलं नाही, कारण तो तेव्हा कनातीखाली होता. पण बाकीच्यांना आठवलं, आणि बायांच्या घोळक्यात कुणीतरी "अगो बाय" म्हणून नाक ओढलं.

भटजी हळू म्हणाले, "तान्ह्याचा घास आईच्या हातचा लागतो. याला आई नाही, बरणी आहे. नाव कुणाचं घेऊ?"

आता सांगायलाच हवं. रंगूला मूल नव्हतं. नवस झाले, हरिहरेश्वरला पायी जाणं झालं, पालीच्या गणपतीला साकडं घालून झालं. मग एके साली तिने ते सगळं सोडून दिलं आणि त्याबद्दल बोलणंही सोडलं. गावही बोलायचं थांबलं. आत्ता सगळं गाव तिच्याकडे बघत होतं आणि ती वाटीतल्या दूधभाताकडे.

"माझं घ्या," ती म्हणाली. "माझा हाय तो."

कुणी हसलं नाही. मागून अंबाजी पायऱ्या उतरून आला. चारचौघांत कधी दोन शब्द न बोलणारा माणूस. घसा साफ करून म्हणाला, "आनि बाप म्हून माझं."

रंगूने वाटी पायरीवर ठेवली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी पुटपुटली. माडावरून एक कावळा उतरला. मान वाकडी करून वाटीत बघितलं. चोच घातली. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि नुसती भांडाभांडी लागली. जाता जाता एकाने पिंडही उचकटला.

"शिवला! शिवला!" गाव ओरडलं. पाटलाने टोपी उडवली, शिवदासने आपल्या टकलावर दोन्ही हात मारले, सेठने तिथूनच दवंडीवाल्याला हाक घातली की आज संध्याकाळी चंद्र! रंगू पायरीवर बसून रडत होती आणि हसतही होती. जिंकली होती ती!

"गाव सुटलं," पाटील म्हणाला. "सुतक फिटलं."

"गावाचं फिटलं," भटजी भांडी गोळा करत म्हणाले. "मुलाला आता आईबाप आहेत, घर आहे. तेराव्यापर्यंत त्या घराला सुतक. खेळ-तमाशा काही नाही."

रंगूचं हसू तोंडावरच थिजलं. आणि मागून काशीची किंकाळी आली, कारण घर एक, चूल एक, सुतक एक. बया त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली होती, तंबूत पुढच्या रांगेत बसायचं म्हणून.

संध्याकाळी दोघी मागल्या दारात बसल्या. कुंपणापलीकडे तंबू गच्च भरला होता. पेटी वाजत होती. काशीचं तोंड दुपारपासून सुरूच होतं. "पोर कुनाचं, सुतक कुनाला! इचारायचं तरी होतं मला. आता चंद्र गेला ना माझा!"

"तुमचा कसा गेला वयनी? तुम्ही तर बघितलाय."

काशी लुगड्याचा काठ चिमटीत फिरवत राहिली. मग म्हणाली, "कुठं बघितलाय? त्या नळकांड्याखाली जाळ पेटला तवा जे डोळे मिटले, ते तंबू रिकामा झाल्यावर उघडले. शिवदास बोलला तेवढं ऐकलं. कुनाला सांगशील तर बघ."

रंगूने तिच्याकडे बघितलं. वर्षभराचा राग कुठे ठेवावा तेच तिला कळेना. आणि मग तिला असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबावा लागला. काशी आधी फुगली, मग तीही हसली. सुतकातल्या दोन बाया, मागल्या दारात, पोट धरधरून.

इतक्यात कुंपणापलीकडे काहीतरी हललं. कनातीच्या दोऱ्या सुटल्या आणि तंबूची पाठ वर गेली. खाली चांदण्यात एक तुळतुळीत डोकं चमकलं. "आत फार उकडतंय," शिवदास कुणालातरी मोठ्याने सांगत होता, "मागची कनात वर केली हो सेठ." मग कुंपणाजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही तुमच्याच दारात आहात. बघितलंत तर तो चंद्राचा दोष." आणि पळाला.

पडदा पाण्याने भिजवून तलम केलेला होता. सगळं चित्र आरपार मागे येत होतं, उलटं, डावं उजवीकडे. अक्षरंही उलटी होती, पण दोघींना सुलटी तरी कुठे वाचता येत होती! नळकांड्याखाली जाळ पेटला. काशीचे हात डोळ्यांवर गेले. रंगूने ते धरून खाली ओढले आणि तसेच आपल्या मांडीवर दाबून ठेवले.

आणि मग चंद्र आला. पांढरा, मोठा, पडदाभर. म्हातारा उतरला, जावई उतरला. मांजराने उडी मारली आणि ते खाली येईचना, तरंगतच राहिलं. तंबू हसून कोसळला. कुठे झाड नव्हतं, घर नव्हतं, कुणी राहत नव्हतं.

"काय गो, आता का रडतेस?" काशीने विचारलं.

"हितं दारं न्हाईत," रंगू म्हणाली. "माझं पोर हितं सुखात ऱ्हायलं असतं."

काशीने आपले हात सोडवून घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायांचा नुसता कलकलाट होता. नळकांडं असं, चंद्र तसा. एकीने मुद्दाम आवाज चढवून म्हटलं, "बिचारी रंगू. दोन वरसं झाली, तिला काय चंद्र बघायला गावला न्हाय."

रंगूने शांतपणे घागर बुडवली, वर ओढली. "तुम्ही समद्यांनी पुढून बघितलात गो," ती म्हणाली. "मी आनि वयनी चंद्राची पाठ बघून आलो."

बाया काशीकडे वळल्या. काशीने घागर कमरेवर घेतली आणि मान ताठ करून म्हणाली, "व्हय तर. पाठीमागून मांजर लई मोठं दिसतं."